उसन्या नायकांचे लेखक

सुपरहिरो कॉमिक्सच्या लेखकाला कादंबरीकाराच्या मापाने मोजायला गेलं, तर हाती फारसं काही लागत नाही. कादंबरीकार आपली माणसं स्वतः घडवतो आणि त्यांचं पुढे काय करायचं हेही स्वतःच ठरवतो. सुपरमॅन लिहायला बसणाऱ्याला नायक आयता मिळतो. तो १९३८ पासून चालत आलेला असतो, त्याची मालकी कंपनीकडे असते, कथा कधीच सुरू झालेली असते आणि ती संपवण्याची मुभा कुणालाच नसते. महिन्याला वीस-बावीस पानं द्यायची, ती दुसऱ्या कुणीतरी रेखाटायची, आणि काही वर्षांनी सगळा पसारा पुढच्याच्या स्वाधीन करून बाहेर पडायचं. कीर्तनातलं आख्यान समोरच्या प्रत्येकाला पाठ असतं. तरी माणसं उशिरापर्यंत बसून राहतात, कारण आजचे बुवा ते कसं लावतात हे ऐकायचं असतं. या लेखकांचं कामही त्याच जातीचं आहे.

आपल्याकडे ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे वेताळ आणि मँड्रेक घरोघरी पोचले. त्या दोघांचा जनक ली फॉक. त्याने १९३६ साली वेताळ सुरू केला आणि १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो मुख्यतः त्याच्याच हातून लिहिला गेला. त्यामुळे एक नायक म्हणजे एक लेखक, ही आपली सवय. मार्व्हल आणि डीसी या दोन अमेरिकन कंपन्यांच्या जगात ती सवय बाजूला ठेवावी लागते. तिथे एकाच बॅटमॅनवर पन्नास लेखकांचे हात फिरलेले असतात, आणि कुणाच्या हाताखाली तो खुलला, कुणाच्या हाताखाली आक्रसला, हे ताडून पाहण्यात खरी गोडी आहे.

पुढच्या लेखांमध्ये प्रत्येक लेखकाला मी दोन प्रश्न विचारले आहेत. चित्रकाराला त्याने किती मोकळीक दिली? आणि निघताना पुढच्या लेखकाच्या हाती काय ठेवलं? कल्पकता, संवाद, नायकाच्या मनाचा ठाव, या सगळ्याबद्दल त्या-त्या ठिकाणी लिहिलं आहेच. पण माझी पसंती-नापसंती ठरली ती या दोन प्रश्नांवर. बारा अंकांत संपणारी, स्वयंपूर्ण कथा लिहिणाऱ्याला समीक्षक डोक्यावर घेतात. वर्षानुवर्षं दर महिन्याला अंक देणाऱ्याला मात्र कारागीर म्हणून बाजूला सारतात. मला हा न्याय उलटा वाटतो. या प्रकाराचा कस लागतो तो चालू मालिकेतच.

सुरुवात ॲलन मूरपासूनच करायला हवी. हा इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनचा लेखक. १९८४ साली ‘स्वॉम्प थिंग’ त्याच्या हाती आली, तेव्हा ती रडतखडत चाललेली एक भयकथा होती. दलदलीतला तो हिरवा प्राणी म्हणजे स्फोटात रूप पालटलेला ॲलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ, आणि त्याला पुन्हा माणूस व्हायचं आहे, इथवर आधीच्यांनी कथा आणली होती. मूरने एका अंकात या प्राण्याचं शवविच्छेदन घडवलं. आत फुप्फुसासारखं काहीतरी आहे, पण ते श्वास घेऊ शकत नाही. मेंदूसारखं काहीतरी आहे, पण ते मेंदूचं काम करत नाही. सगळी नक्कल, आणि ती वनस्पतीने केलेली. हॉलंड तेव्हाच मेला होता; दलदलीतला झाडोरा त्याची जाणीव शोषून घेऊन स्वतःलाच हॉलंड समजू लागला होता. आधीच्या लेखकांचे प्रसंग मूरने पुसले नाहीत. ते जागच्या जागी ठेवले आणि त्यांचा अर्थ फिरवला. माणूस होण्याची सगळी धडपड एका क्षणात पोकळ झाली आणि त्याच क्षणी या प्राण्यापुढे नवं आयुष्य उघडलं. चालू मालिका हाती घेणाऱ्या प्रत्येक लेखकाने हा अंक समोर ठेवून अभ्यास करावा, असं मला मनापासून वाटतं.

मूरची कीर्ती मात्र उभी आहे ती ‘वॉचमेन’वर. १९८६-८७ मधले हे बारा अंक डेव्ह गिबन्सने रेखाटले. पानाच्या नऊ समान चौकटी, आणि त्या शिस्तीत एकेक वस्तू घड्याळाच्या काट्यासारखी फिरत राहते. पाचव्या प्रकरणाची पानं तर मधल्या चित्रापासून दोन्ही बाजूंना आरशासारखी जुळतात: पहिलं पान शेवटच्याशी, दुसरं उपान्त्याशी. मूरच्या संहिता अवाढव्य असत, एकेका चौकटीचं वर्णन लांबलचक. एवढ्या तपशिलाखाली चित्रकार गुदमरेल असं कुणालाही वाटेल. पण कॉमेडियन या पात्राच्या पोशाखावर हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा बिल्ला लावला तो गिबन्सने, आणि मूरने तो उचलून त्यावर रक्ताचा थेंब पाडून सगळ्या ग्रंथाची खूण बनवली. चित्रकाराकडून घ्यावं कसं, हे त्याला कळत होतं.

मूरचा दोष दुसऱ्या प्रश्नावर उघडा पडतो. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर बार्बरा गॉर्डनला गोळी घालतो आणि तिचे पाय कायमचे जातात. ब्रायन बोलंडची चित्रं अप्रतिम आहेत. पण बार्बराला तिच्या स्वतःच्या यातनेचा आवाजच नाही. ती जायबंदी होते ती वडिलांना आणि बॅटमॅनला दुखावण्यासाठी. स्वतः मूरही पुढे या कथेवर नाखूश राहिला. बार्बराला हात दिला तो किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या जोडप्याने. १९८९ पासून त्यांनी ‘सुइसाइड स्क्वाड’मध्ये चाकाच्या खुर्चीतून साऱ्या नायकांना माहिती पुरवणारी ‘ओरॅकल’ उभी केली. फारसा गाजावाजा न होता घडलेलं हे काम मला ‘किलिंग जोक’पेक्षा मोठं वाटतं. बायकांना मारून नायकांना रडवण्याच्या या रिवाजाची यादीच १९९९ साली गेल सिमोनने केली. तेव्हा ती केवळ वाचक होती. पुढे तीच बार्बराच्या कथा लिहू लागली, आणि दुसऱ्याने सोडलेलं पात्र कसं फुलवावं याचा धडा तिने घालून दिला.

फ्रँक मिलरबद्दल थोडक्यात. ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ने १९८६ मध्ये बॅटमॅनचं वय वाढवलं आणि टीव्हीच्या चिमुकल्या चौकटींमधून सगळं शहर बोलतं केलं. तरी माझ्या मते त्याचं श्रेष्ठ काम पुढच्या वर्षीचं ‘इयर वन’. त्यात डेव्हिड मॅझुकेल्लीच्या संयत रेषेने मिलरच्या गर्जनेला लगाम घातला आणि नायक ठरला तो शिणलेला, चुका करणारा पोलीस अधिकारी जिम गॉर्डन. लगाम सुटल्यावर काय झालं हे २०११ च्या ‘होली टेरर’मध्ये दिसतं. राग तोच आहे, पण त्याच्यापुढे माणूस उरलेला नाही.

या दोघांचं अनुकरण करणाऱ्यांनी नव्वदच्या दशकात त्यांचं क्रौर्य तेवढं उचललं, रचना कुणी उचलली नाही. त्या काळात वेगळी वाट धरणाऱ्यांमध्ये कर्ट ब्यूसिक मला सर्वांत जवळचा. १९९४ च्या ‘मार्व्हल्स’मध्ये त्याने आणि ॲलेक्स रॉसने सगळी कथा रस्त्यावर उभ्या असलेल्या एका छायाचित्रकाराच्या नजरेतून सांगितली. मग १९९५ पासून ‘ॲस्ट्रो सिटी’ आली. तिच्यातली एक छोटी गोष्ट इथे सविस्तर सांगायलाच हवी. एका साध्या माणसाला रोज रात्री एकच बाई स्वप्नात दिसते. तिचं नाव, तिचा वास, तिच्या सवयी त्याला ठाऊक आहेत, पण अशी बाई त्याला आयुष्यात कधी भेटलेली नाही. तो ओळखीच्यांना विचारतो, जुने कागद धुंडाळतो, झोप हरवून बसतो. शेवटी एक अद्भुत पुरुष येऊन त्याला सांगतो, की नायक-खलनायकांच्या एका महायुद्धात काळाचा पट फाटला आणि पुन्हा शिवला गेला. शिवताना एक धागा सुटला. ती त्याची बायको होती. आता ती जन्मालाच आलेली नाही. विसरायचं असेल तर विसरवतो, असं तो पुरुष सुचवतो. हा माणूस आठवण ठेवायची असं ठरवतो, आणि जाता जाता विचारतो, की माझ्यासारखे जे आणखी आहेत ते काय निवडतात? विसरणं कुणीच निवडत नाही, असं उत्तर येतं.

सुपरहिरो कंपन्या दर काही वर्षांनी विश्वाची उलथापालथ करतात आणि सगळा इतिहास नव्याने मांडतात. त्या उलथापालथीत सामान्य माणसाचं काय हरवत असेल, हे या एका गोष्टीत आहे. ब्यूसिकचं सामर्थ्य हेच. त्याची मर्यादाही मान्य करायला हवी. त्याचा निवेदक फार समजावून सांगतो, कित्येकदा चित्रात आधीच आलेलं पुन्हा शब्दांत येतं, आणि ‘ॲस्ट्रो सिटी’चे अंक वेळेवर येत नसत. पण ती त्याने स्वतः उभी केलेली दुनिया होती. नायक ओळखीचे वाटतात, तरी उसने नाहीत.

ग्लासगोचा ग्रँट मॉरिसन मूरच्या नेमक्या उलट प्रकृतीचा. मूर घड्याळ उघडून दाखवतो, मॉरिसनला त्यातलं अद्भुत शाबूत ठेवायचं असतं. ‘ॲनिमल मॅन’च्या आपल्या शेवटच्या अंकात, १९९० मध्ये, त्याने नायकाला थेट लेखकासमोर आणून बसवलं, आणि माझ्या बायकोमुलांना का मारलंस याचा जाब त्या नायकाने विचारला. हा खेळ वाटतो खरा, पण तिथे बसलेला लेखक मनापासून ओशाळलेला आहे.

त्याचं सर्वोत्तम काम ‘ऑल-स्टार सुपरमॅन’, २००५ ते २००८, चित्रकार फ्रँक क्वाइटली. सुपरमॅनची सगळी जन्मकथा पहिल्याच पानावर चार चौकटींत आणि इंग्रजीतल्या आठ शब्दांत आटोपलेली आहे. एवढ्या थोड्यात भागतं, कारण उरलेलं वाचकाकडे आधीपासूनच आहे. याच अंकात क्लार्क केंट रस्त्यावर एका माणसाला धडकतो. खांदे पडलेले, कपडे ढगळ, चालण्यात गबाळेपणा. चौकट नीट पाहिली तर कळतं, की त्या धडकेमुळे तो माणूस अपघातातून वाचला आहे. याबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. लेखकाने गप्प बसून चित्रकारावर भरवसा टाकणं म्हणजे काय, ते इथे पाहावं. दहाव्या अंकात स्वतः मृत्यूच्या दारात असलेला सुपरमॅन उंच इमारतीच्या कडेवर उभ्या असलेल्या एका मुलीजवळ येतो. तुझ्या डॉक्टरांना खरंच उशीर झाला, एवढं तो तिला सांगतो, तिला धीर देतो आणि जवळ घेतो. सगळं मिळून एक पान. जगभरच्या कित्येक वाचकांना अंधाऱ्या दिवसांत ते पान आठवत राहिलं आहे.

पण मॉरिसनला सगळं एकदम सांगायचं असतं. २००८-०९ च्या ‘फायनल क्रायसिस’मध्ये दुवे इतके गाळले आहेत, की जुना वाचकही चाचपडतो. ‘न्यू एक्स-मेन’मध्ये त्याने दूरवर नेलेल्या गोष्टी तो २००४ मध्ये बाहेर पडताच मार्व्हलने फिरवायला घेतल्या. दोष कंपनीचा होता यात शंका नाही. तरी पुढच्याला धरता येईल अशी मूठ मॉरिसन क्वचितच ठेवतो, हेही खरं.

ब्रायन मायकल बेंडिसवर आज टीका करणं सोपं झालं आहे, म्हणून त्याची बाजू आधी मांडतो. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅनचा जन्म अकरा पानांत उरकला. २००० साली सुरू झालेल्या ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये बेंडिसने त्याच मजकुराला कित्येक अंक दिले. पाल्हाळ म्हणून लोक हसले. पण त्या जास्तीच्या पानांत काका बेन घरात वावरतो, रागावतो, पुतण्याशी बोलायचा प्रयत्न करतो. मग त्याचं जाणं ही केवळ एका नायकाच्या जन्माची सबब राहत नाही. तेराव्या अंकात तर मारामारी नाहीच. पीटर आणि मेरी जेन यांचं बोलणं, तो तिला आपलं गुपित सांगतो, आणि अंक संपतो. अडखळणं, एकमेकांचं वाक्य तोडणं, लाजणं, हे सगळं संवादांच्या फुग्यांमध्ये आहे. चित्रकार मार्क बॅग्लीबरोबर त्याने सलग १११ अंक केले आणि ‘फँटॅस्टिक फोर’वरचा ली-कर्बी जोडीचा १०२ अंकांचा विक्रम मोडला. पुढे सारा पिचेलीबरोबर २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन आणला. दुसऱ्यांसाठी एवढं मोठं देणं मागे ठेवणारा लेखक या पिढीत दुसरा नाही.

त्याचा तोल गेला तो मोठ्या कथांमध्ये. एका खोलीत दोन पोरांसाठी घडवलेली बोली त्याने ‘अव्हेंजर्स’च्या देवांना आणि सैनिकांनाही दिली, आणि सगळे एकाच आवाजात बोलू लागले. शिवाय पाच-सहा अंक मिळून पुस्तक विकायचं, हे धोरण त्याच काळात पक्कं झालं. तेव्हा हातात एक अंक घेऊन त्यातच काही पुरं झाल्याचं समाधान वाचकाला मिळेनासं झालं. चित्रांची मांडणीही याच सुमारास बदलत होती. वॉरन एलिस आणि ब्रायन हिच यांच्या ‘द ऑथॉरिटी’ने १९९९ मध्ये सिनेमाच्या पडद्यासारख्या आडव्या चौकटी रूढ केल्या होत्या, मार्क मिलारने २००२ च्या ‘अल्टिमेट्स’मध्ये हिचलाच घेऊन ती रीत आणखी भव्य केली. मिलारच्या कल्पना एका वाक्यात सांगता येतात, हे त्याचं बळ. त्या वाक्यापलीकडे पात्रांना काही उरत नाही, ही त्याची उणीव. ‘सिव्हिल वॉर’च्या सात अंकांत वाद मांडला आहे, पण त्या वादात दोन्ही बाजूंची माणसं त्यांना साजेसं वागत नाहीत.

जेफ जॉन्स हा दुरुस्तीचा लेखक. १९९४ मध्ये खलनायक करून टाकलेला ग्रीन लँटर्न हॅल जॉर्डन त्याने २००४-०५ मध्ये सावरला, आणि हिरव्या इच्छाशक्तीच्या जोडीला भीती, क्रोध, आशा अशा भावनांचे आणखी सहा रंग मांडून पुढच्यांना अनेक वर्षं पुरेल एवढं रान मोकळं केलं. जुन्या तुकड्यांना अर्थ देण्याची हातोटी त्याच्याइतकी कुणाकडेच नाही. पण त्याची नजर मागे खिळलेली असते. लहानपणी वाचलेला नायकच खरा, या ओढीने नंतर आलेले नायक कडेला ढकलले गेले, आणि निरागसतेची आस धरणाऱ्या त्याच्या पानांवर उपटलेले हातपाय का दिसावेत, हे मला आजवर उमगलेलं नाही.

मराठी वाचकाला विशेष रस वाटेल अशी तुलना २००४ च्या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ची आणि २०१४ च्या ‘मिस मार्व्हल’ची. पहिलीत गावाकडून मुंबईत शिकायला आलेला पवित्र प्रभाकर धोतर नेसून इमारतींवरून झेपा घेतो. मेरी जेनची मीरा जैन झाली, नॉर्मन ऑसबॉर्नचा नलिन ओबेरॉय झाला. कथा तीच राहिली. जीवन कांगची चित्रं देखणी आहेत, पण हा मुलगा कुठे राहतो, लोकलच्या गर्दीत कसा उभा राहतो, त्याची मावशी दिवसभर काय करते, हे कळत नाही. जी. विलो विल्सनची कमला खान मात्र पहिल्याच पानावर जर्सी सिटीतल्या दुकानात उभी आहे आणि खाता येणार नाही त्या बेकनचा नुसता वास घेते आहे. घराची शिस्त, मुलीची भूक आणि तिचा स्वभाव एका कृतीत आला. शक्ती मिळाल्यावर ती आधी गोरी, सोनेरी केसांची नायिका होते आणि त्या रूपात तिला अवघडल्यासारखं होतं. एड्रियन अल्फोनाने पार्श्वभूमीच्या पाट्या-डब्यांतही खोड्या भरून ठेवल्या आहेत. विल्सनचे खलनायक कच्चे आहेत, कॉकॅटियल पक्ष्याच्या डोक्याचा एडिसनचा क्लोन फार काळ धाक पाडू शकत नाही. तरी पवित्रला जे मिळालं नाही ते कमलाला मिळालं: घर.

टॉम किंग आणि जोनाथन हिकमन यांच्यावर पुढे स्वतंत्र लेख आहेत. किंगची ‘द व्हिजन’ उपनगरात घर थाटणाऱ्या यंत्रमानवांच्या कुटुंबाची शोकांतिका आहे आणि गेल्या दशकातल्या उत्तम कामांपैकी एक आहे. मात्र प्रत्येक नायकाला एकाच जखमेतून नेण्याचा हट्ट ‘हीरोज इन क्रायसिस’मध्ये अंगाशी आला, आणि त्या कथेतल्या वॉली वेस्ट या नायकाला त्यातून सोडवण्याचं काम इतरांवर पडलं. हिकमन आराखड्यांचा माणूस. त्याचे तक्ते आणि कालपट थक्क करतात, त्याच्या माणसांचा सहवास मात्र क्वचितच लाभतो.

एक गोष्ट या साऱ्यांना लागू आहे: कंपनीसाठी घडवलेल्या पात्राची मालकी कंपनीकडे राहते. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १३० डॉलरला सुपरमॅनचे हक्क दिले. ‘वॉचमेन’ची छपाई थांबल्यावर मूर आणि गिबन्सला हक्क परत मिळायचे होते, छपाई कधी थांबलीच नाही. एड ब्रुबेकरने स्टीव्ह एप्टिंगबरोबर ‘कॅप्टन अमेरिका’त विंटर सोल्जर घडवला. त्यावर सिनेमे निघाले, आणि त्या निर्मितीपेक्षा सिनेमातल्या एका छोट्या भूमिकेचे पैसे आपल्याला जास्त मिळाले, असं ब्रुबेकरने जाहीरपणे सांगितलं. तो आता चित्रकार शॉन फिलिप्सबरोबर स्वतःच्या मालकीच्या गुन्हेकथा करतो. या पिढीतले अनेक चांगले लेखक आपली नवी पात्रं मार्व्हल-डीसीला सहसा देत नाहीत. तिथे जुन्यांचीच डागडुजी करतात आणि नवं ते स्वतःसाठी राखतात. त्यांच्या सुपरहिरो कथांत नवे नायक इतके थोडे का, याचं कारण प्रतिभेत शोधण्याआधी करारात शोधावं. पुढच्या प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला म्हणूनच त्या पात्राचे मूळ निर्माते, चित्रकार, रंगकार आणि अक्षरकार यांची नावं लेखकाच्या नावाशेजारी, त्याच आकारात छापली आहेत.